सुई ओवणाऱ्या बाईचं मुखपृष्ठ

सभेच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या साप्ताहिकाचे मालक, व्यासपीठावरच्या संपादकबाई, छपाई विभागाचे प्रमुख, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले सर्वांचे मास्तर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, आणि समोर जमलेले तुम्ही सगळे, ज्यांना यानंतर जेवायचं आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. सर्वांना माझा नमस्कार.

मी या कचेरीचा माणूस नव्हे. बसथांब्यासमोर माझा पेपरचा स्टॉल आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचं छापलेलं विकलं. चार लोकांत उभं राहून बोलायची ही पहिलीच वेळ. फुकट वाचून वाचून थोडी भाषा अंगाला लागली आहे, ती आज खर्च करतो. संपादकबाईंनी 'पाचच मिनिटं' सांगितलंय. त्या संपादक आहेत, कापतीलच.

मास्तरांनी एकतीस वर्षं या सिने-साप्ताहिकाची मुखपृष्ठं केली. मुखपृष्ठात असतं काय, असं तुम्हाला वाटतं? देखणा चेहरा घ्यायचा, वर नाव छापायचं, झालं? मलाही तसंच वाटायचं. मी अंक दोरीला चिमट्याने टांगतो. एकदा मास्तर आले आणि म्हणाले, "चिमटा नेहमी डाव्याच कोपऱ्याला लावता का हो?" म्हटलं, "हो, हाताला तोच सोपा पडतो." पुढच्या अंकापासून डावा कोपरा मोकळा! तोवर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या नायकाच्या कपाळाला माझा चिमटा बसत होता, आणि त्याचं मला काहीही वाटलं नव्हतं.

मग हळूहळू कळत गेलं. अंक एकावर एक रचले की वरची चार बोटं जागाच दिसते, म्हणून नाव आणि डोळे तेवढ्यात बसले पाहिजेत. डोळे गिऱ्हाइकावर रोखलेले हवेत, कारण बस यायच्या आत त्याला थांबवायचं असतं. आणि खाली एक प्रश्न: 'ती त्या दिवशी का रडली?' आत वाचावं, तर बाई कांदा चिरत होती. गिऱ्हाईक मला चार शब्द सुनवायचं आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर.

दर शुक्रवारी सकाळी मास्तर समोरच्या किल्लीवाल्याच्या टपरीपाशी तासभर उभे राहायचे. हातात छोटी वही. हात कुठल्या अंकाकडे गेला, कुठे थबकला, कुठला उचलला, सगळ्याच्या रेघा. त्या रेघांवरून त्यांनी नियम बसवले. तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर आज ती पुस्तिका ठेवली आहे, 'मुखपृष्ठाचे अकरा नियम'. सोमवारपासून मास्तरांच्या जागी त्यांची मुलगी बसणार, आणि तिने या पुस्तिकेबरहुकूम चालायचं, असं मालकांनी आत्ताच जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. का, तेच सांगायला उभा आहे.

चोवीस वर्षांपूर्वी, तेव्हाच्या संपादकांनी मास्तरांना तंबी दिली होती की अंक असेच न खपता परत येत राहिले तर दुसरी नोकरी बघा. मास्तर स्टॉलवर आले, चेहरा उतरलेला. म्हणाले, "या वेळी कव्हरवर लाल पट्टी घातलीय. नाही चालली, तर सोमवारपासून तुमच्या शेजारी स्टूल टाकून बसतो." घरात ही मुलगी तेव्हा पाळण्यात. मला राहवलं नाही. ते पलीकडे जाऊन उभे राहिले, तशी मी बाकीची साप्ताहिकं मागे सारली आणि यांचा अंक पुढे, छातीच्या उंचीवर मांडला. भराभर हात गेले. मास्तरांनी वहीत लिहिलं, लाल पट्टी चालते. तोच आज पहिला नियम आहे. इतर ठिकाणीही तो अंक बरा गेला असावा, कारण नोकरी राहिली.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मास्तर वळणावर दिसले की माझे हात आपोआप अंक हलवायचे. दर शुक्रवारी. ते गेले की पुन्हा सगळं जिथल्या तिथे. बायको म्हणायची, "अहो, त्या माणसाचं भलं करताय की वाटोळं?" मी म्हणायचो, "तुला यातलं काय कळतंय?" तिलाच कळत होतं.

चौदा वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आठ दिवस इस्पितळात. स्टॉलवर माझा मेहुणा. त्याला खेळाचं वेड. त्याने खेळाची मासिकं पुढे लावली आणि सिनेमाचे अंक तळाच्या फळीवर टाकले. नेमकं त्याच आठवड्यात मास्तरांनी धाडस केलं होतं. संपादक रजेवर होते. मुखपृष्ठावर घेतली आईच्या भूमिका करणारी एक वयस्कर नटी. मेकअपच्या खोलीत बसलीय, चष्मा नाकावर ओढलाय आणि सुई ओवतेय. आपल्याकडे बघतच नाही. लाल पट्टी नाही, प्रश्न नाही.

शुक्रवारी मास्तर तासभर उभे राहिले. एकही हात गेला नाही. जाणार कसा? फळी गुडघ्याच्या खाली! पण मास्तरांनी दोष फळीला नाही, कव्हरलाच दिला. मला बघायला इस्पितळात आले तेव्हा म्हणाले, "कव्हर पडलं हो. आपल्याकडे न बघणारा चेहरा वाचकाला नको असतो." हाच अकरावा नियम. पुस्तिकेत त्या मुखपृष्ठाचं छोटं चित्र आहे आणि त्यावर फुली आहे.

मी बरा होऊन स्टॉलवर गेलो, तर तळाची फळी रिकामी. मेहुणा म्हणतो, "भावजी, ती सुईवाली बाई सोमवारीच संपली. एका बाईंनी वाकून एक अंक ओढून काढला आणि थांब्यावर वाचत उभ्या राहिल्या. तो बघून दुसरी आली, मग रीघच लागली. चाळीसच्या चाळीस गेले. अजून विचारतात." मेहुणा मागच्या रांगेत बसलाय, हवं तर विचारा. कचेरीला हे कळायला मार्ग नव्हता. त्या आठवड्यात मालमोटारींचा संप होता. अंक बऱ्याच ठिकाणी पोचलेच नाहीत आणि उरलेले परत न्यायलाही कुणी आलं नाही.

मी सांगायला निघालो होतो. पण अंक तळातून संपला म्हटल्यावर मास्तर विचारणार, मग एरवी आमचा अंक पुढे कसा असतो? सगळंच उघडं पडलं असतं. मी मूग गिळून बसलो. मास्तरांनी पुन्हा तसं मुखपृष्ठ केलं नाही. नंतरचीही चांगली होती, खपत होती. पण दर शुक्रवारी गठ्ठा सोडताना मला ती बाई आठवायची आणि फार वाईट वाटायचं.

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी स्टॉलवर आली, हातात तोच जुना अंक. म्हणाली, "काका, बाबांचं मला हेच सगळ्यात आवडतं. मग यावर फुली का? बाबा म्हणतात, स्टॉलवर कुणी हातसुद्धा लावला नाही. खरंच?" मी उगाच दोरी ताणत राहिलो. ती अंक पिशवीत घालून गेली.

पोरी, उत्तर आता देतो. त्या पुस्तिकेत तुझ्या बाबांची नजर आहे, तशीच माझी लबाडीही आहे. कुठल्या नियमात कोणती, हे मलाही निवडून सांगता येणार नाही. अकराव्याचं मात्र सांगतो. तो खोटा आहे.

मला इथे बोलावल्याबद्दल मालकांचे आणि संपादकबाईंचे मनापासून आभार. वेळ जास्त घेतला, बोलण्यात काही आगळीक झाली असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावी. स्टॉलवर जे झालं, त्याची माफी सभागृहाकडे मागून भागणार नाही. मास्तर, तुम्ही मान खाली घालू नका. घालायची ती मी घालतो. तुमचं ते कव्हर पडलं नव्हतं. माझ्या तोंडून एक वाक्य निघालं नाही, म्हणून तुम्ही चौदा वर्षं तसं दुसरं केलं नाहीत. मला माफ करा.