एक काळी गोटी

— नाही दाजी, कुणी टाकली ते मला विचारू नका. बसा आधी, हे चिमटे बाजूला सारतो — पण ते विचारू नका. आमच्या बंधुमंडळात नवा भाऊ घ्यायचा की नाही यासाठी पेटीत गोटी टाकण्याआधी शपथ असते, कुठली गोटी टाकली ते सख्ख्या बायकोलाही सांगायचं नाही. सव्वीस वर्षं पाळलीय मी. तुमचं नाव मीच सुचवलं ना — मग? उभं राहून म्हणालो, आमचे दाजी सुतार आहेत, शब्दाचे पक्के. सगळ्यांनी माना डोलावल्या. पेटी उघडली तर एकोणीस पांढऱ्या आणि एक काळी. एक काळी म्हणजे नकार. का, ते विचारायचं नाही — भावाभावांत अढी नको म्हणून केलेला नियम, चांगलाच आहे, म्हणजे होता.

तुम्ही रिवाजाप्रमाणे कोट काढून बाहेर जिन्यात उभे. सांगायला मीच आलो. तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात, आणि कोट घालताना तुम्हाला बाही सापडेना — ते काही मनातून जात नाही. तुम्हाला मान कुठे हवा होता? मंडळातला भाऊ आजारी पडला की बाकीचे पाळीपाळीनं उशाशी बसतात, तो गेला की त्याच्या बायकोची विचारपूस करायला दर आठवड्याला कुणीतरी जातं — ताईसाठीच चाललं होतं ना तुमचं? मूल नाही, बाळ नाही. आणि आता पुन्हा अर्जही नाही, पुढच्या महिन्यात तुम्हाला साठ पुरी होतात, आणि साठीनंतर मंडळ कुणाला घेत नाही.

शत्रू? छे, तुमचा कोण शत्रू. त्या खोलीत उजेडच नाही हो. एकच दिवा, तोही मागे, ज्या वाटीतून गोटी उचलायची तिच्यातल्या सगळ्या करड्याच दिसतात — म्हणजे कुणालाही दिसतील. बोटांना का रंग कळतो? चुकला असेल एखाद्याचा हात. मी अध्यक्षभाऊंना आडून विचारलं, समजा चूक झाली असेल तर? म्हणाले, गोटी बोलली, विषय संपला.

त्यानं तिथंच सांगायचं होतं म्हणता? कसं सांगणार? शपथ मोडते. बरं, शपथेचं सोडा — घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला दिसत नाही हे त्या एकोणीस जणांना कळलं, तर उद्या या टेबलावर घड्याळ कोण —

असं बघू नका, दाजी. हवं तर शिव्या द्या.

ताईला सांगू नका एवढं.

जा आता. दारात कुणीतरी आलंय, गिऱ्हाईक असेल, त्याच्यासमोर नको — थांबा. कोण आहे ते? दाजी, कोण आहे?