कुणाची हरकत आहे का

—बूट मॅटवरच काढ, रश्मी, स्नो आत आणू नकोस. बस. चहा टाकलेला नाही. रुचाची मैत्रीण म्हणून दार उघडलं, एरवी उघडलं नसतं. काय म्हणालीस, रुचाचं लग्न थांबलं? बरं झालं! इंग्लंडातलं ते गाव — गाव कसलं, पॅरिश म्हणे — एक चर्च, तीन वस्त्या, त्यातल्या एकीत तर नुसती चार घरं आणि मेंढ्या. दुकान नाही. बस फक्त बुधवारी. सगळं बघितलंय मी, बेसमेंटात कॉम्प्युटरपुढे बसून. इंजिनिअर झालेली पोरगी तिथं काय मेंढ्या राखणार?

मोडता कुणी घातला ते मला काय विचारतेस? असेल तिथलंच कुणीतरी! रीतच आहे त्यांची — लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचायची आणि विचारायचं, कुणाची हरकत आहे का. कुणाला, तर बाकांवरच्या डझनभर म्हाताऱ्यांना! त्यांना विचारणार, आणि आई? आई इकडे समुद्रापलीकडे, मिल्टनमध्ये ड्राइव्हवेवरचा स्नो शोव्हल करतेय. आईला कळलं कुठं, तर मंडळाच्या हळदीकुंकवात — शोभा वाण देता देता म्हणते, 'अभिनंदन हं उल्का, जावई गोरा!' सगळ्या बघत होत्या. हसले मी. काय करणार, हसले.

आणि देवेश काय वाईट होता गं? इथल्या केंब्रिजला — इंग्लंडातलं नव्हे — प्लांटमध्ये पर्मनंट. साखरपुडा झाला होता — तिनं अंगठी परत पाठवली, ते सोड — झाला होता की नाही? साखरपुडा म्हणजे आमच्यात अर्धं लग्नच. मग लग्न झालंय म्हटलं तर त्यात खोटं काय? पण ती चर्चची पाद्रीणबाई, मागे कुत्रं भुंकतंय, आणि ही आपली परत परत, 'मॅरीड? आर यू शुअर?' आणि माझं फोनचं कॉलिंग कार्ड संपत आलेलं—

काय बघतेस? कुत्र्याचं तूच म्हणालीस ना मघाशी?

नव्हतीस म्हणाली.

बरं मग. तीन रविवार विचारत होते ना सगळ्या गावाला? होती माझी हरकत. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून मीच फोन करून सांगितली. रडू नकोस इथं. तिला सांग— नको, काही सांगू नकोस. बूट घाल आणि नीघ. आणि दार नीट ओढून घे, हीट बाहेर जाते.