सायकलबद्दल दोन मिनिटं

...नाही, पण सायकल? सायकल हा काय विषय झाला? प्रदूषण द्या, सोशल मीडिया द्या, 'तुमची आवडती जागा' द्या, सगळं पाठ होतं माझं! आता तुम्हीच सांगा, सायकलबद्दल दोन मिनिटं बोलायचं म्हणजे माणसानं बोलायचं काय?

तुम्हाला सांगते, इंग्रजी बोलण्याच्या त्या परीक्षेची ही माझी तिसरी खेप. शाल्मली झाल्यापासून सहा वर्षं घरी, आता इलेक्ट्रॉनिक सिटीतली एक कंपनी परत घ्यायला तयार आहे, अट एकच, बोलण्यात सात हवेत. आणि मला दोन्ही वेळा सहा! मराठीत लोकांना मला 'नीलिमा, श्वास घे' म्हणावं लागतं, आणि इंग्रजीत कुणी नुसतं 'हॅलो' म्हटलं की माझं दुकान बंद!

तर समोर परीक्षक, टेबलावर रेकॉर्डर. "डू यू राइड अ बायसिकल?" आता मला सायकल येत नाही. जन्मात कधी आली नाही. पण क्लासचे सर बजावायचे, "मॅडम, नेव्हर से नो! नो म्हणजे टॉपिक खतम, मार्क्स खतम!" मग काय, दिलं ठोकून, "येस सर, डेली! विथ माय डॉटर!"

मग आलं कार्ड. सायकलचा एखादा प्रसंग सांगा. विचाराला एक मिनिट, हातात कागद-पेन्सिल. लोक मुद्दे काढतात. मी दोन चाकं काढली. बास, दोन चाकं! हँडलसुद्धा सुचलं नाही.

"यू मे स्टार्ट नाऊ."

"सायकल इज व्हेरी गुड फॉर एन्व्हायर्न्मेंट..." पुढे? पुढे काही नाही! अहो, सायकलबद्दल दोन मिनिटं बोलणार काय? गेलं, परत सहा, घरी नवरा, सुशांत, म्हणणार 'असू दे गं', आणि त्या 'असू दे'चीच मला धास्ती... तेवढ्यात त्या दोन चाकांकडे नजर गेली आणि आठवला मागचा रविवार.

"सर, लास्ट संडे वी रिमूव्ड द साइड व्हील्स!"

आणि सुटले! आमची सर्जापूर रोडची सोसायटी, शाल्मली सीटवर, मी कॅरिअर धरून मागे, ओढणी कमरेला, मी ओरडतेय "पुढे बघ, खाली बघू नकोस!", ती ओरडतेय "आई, सोडू नकोस!", आमचा कानडी सिक्युरिटीवाला ओरडतोय "मॅडम, स्वल्प स्लो!" हे सगळं इंग्रजीत, तिघांच्या तीन आवाजांत, हातवाऱ्यांसकट! व्याकरण? कोणाला शुद्ध होती! "अँड देन सर, आय लेफ्ट माय हँड. शी डिड नॉट नो. शी वेंट..." सहा वर्षं हात धरलेलं पोर, आणि चाललंय आपलं आपण, मागे वळूनसुद्धा न बघता...

"थँक यू," परीक्षक म्हणाला. वेळ संपली.

"नो नो सर, वन मिनिट! शी डझ नॉट नो ब्रेक! वी टॉट ओन्ली पेडल!"

खरंच हो, ब्रेक शिकवायचा राहिलाच होता! परीक्षकानं पेन्सिल खाली ठेवली. दाराकडे बघितलं. मग हळूच पुढे वाकला, "अँड देन?"

हा प्रश्न त्याच्या कागदावर नव्हता, लिहून देते!

देन काय? आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी वसुमतीअक्का, आनेकलच्या जुन्या मराठी घरातल्या, त्यांच्या चार कुंड्या आडव्या! पोरगी मातीत बसून हसतेय, आणि अक्का कमरेवर हात ठेवून, "काय गं, चालवायला तू शिकवलंस, थांबायला कोण शिकवणार? मी?"

मागच्या आठवड्यात निकाल आला. साडेसात! सात मागितले होते, साडेसात दिले! सायकलबद्दल दोन मिनिटं काय बोलायचं म्हणता? या माझ्याकडे, क्लास काढते!

सुशांत मैसूरपाक घेऊन आला, आणि त्या आनंदात मी मूर्खासारखं सगळं सांगून बसले, ते 'येस सर, डेली' सुद्धा. शाल्मली खाता खाता थांबली.

"आई, तू सरांना खोटं सांगितलंस?"

साडेसातवाली मी, आणि केलं काय, तर मैसूरपाकाचा डबा तिच्यापुढे सरकवला!

"मग आता खरं कर."

म्हणून रोज सकाळी मी सुशांतच्या सायकलवर, आणि कॅरिअर धरून माझी लेक मागे, "पुढे बघ, खाली बघू नकोस!" ब्रेक मी आधी शिकून घेतलाय हं, पहिल्याच दिवशी. अक्कांना मुद्दाम जाऊन सांगितलंसुद्धा. "सरी, सरी," म्हणाल्या, कानडीतलं 'बरं, बरं'. आज खाली उतरून बघते, तर कुंड्या सगळ्या आत नेलेल्या.