तात्यांची टाकी

वैभवचं नाव काढू नका राव, चहा कडू लागतो.

गोठ्याचं शेणपाणी ओढ्यात सोडायचं नाही, असा नियम आला. टाकी बांधा, पाणी साठवा, उसाला द्या, हे सांगत निघोज्यात वर्षभर मीच हिंडलो. तिथले मोठे गोठेवाले तात्या दरवेळी चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बगू की."

मग आमच्या साहेबांनी ऑफिसातल्या वैभवला धाडलं. त्यानं नियमाचं नावही काढलं नाही. तात्यांना म्हणाला, "तुम्ही राहू द्या. तुमचा चुलतभाऊ बांधतोय. तुम्हाला नाही झेपायचं." तिथून उठून चुलतभावाकडे गेला आणि तिथं तात्यांचं नाव सांगितलं.

आठवड्यात दोघांच्याही दारात विटा पडल्या. तात्यांची टाकी तर हातभर मोठी झाली.

ऑफिसातल्या सत्काराची शाल अर्थातच वैभवला मिळाली. टाळ्या मीही वाजवल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबवल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "राजगुरुनगरकडची गावं वैभवलाच देतो. तू राहू दे. तुला नाही झेपायचं."

"का नाही झेपायचं? सगळी माझ्याच नावावर टाका," मी ताडकन बोललो.

राजगुरुनगरच्या अर्ध्या वाटेवर डोक्यात उजेड पडला. साहेबांनी माझा तात्या केला होता.