पाणी उतरल्यावर

माजं म्हायेर निपाणीकडचं, म्हून तर लेक मला कानडीत अव्वा म्हनतो, आन दिलं हितं मुरगूडच्या खालच्या अंगाला, वेदगंगेच्या काठावर. काय सांगू तुमास्नी पावणं, सोयरीक ठरली तवा माजा बा म्हनला, रान नदीला लागून हाय, पोरीला पान्याची ददात न्हाय. खरंच बोलला की, पानी कदी कमी पडलं न्हाय.

आमचं रान कसं, नदी सरळ येती आन आमच्या बांधाला कोपरागत वळती. पान्याचा समदा जोर आमच्याच काठावर. पलीकडच्या अंगाला पानी मंद, तितं गाळ बसतो. मी नवरी हून आलो तवा काठावर करंजाची रांग हुती, तितं बसून मालक आन मी भाकरी खायाचो. एकेक करंज गेलं, पायवाट गेली. वरची माती काळी, घट्ट, पर खाली वाळू, आन नदी खालची वाळूच वडून न्हेती. वर गवत हिरवंगार, बघनाऱ्याला वाटतं समदं जागच्या जागी हाय.

मालक गेलं तवा त्यास्नी रानातच ठिवलं, शेवटच्या करंजापाशी, त्येंनीच सांगिटलंतं तसं. आमच्या लिंगायतात जाळत न्हाईत, पावणं. मांडी घालून बसिवत्यात, हातात लिंग, भवतीनं विभूती आन बेलाची पानं. तवा समाधी आन नदीच्या मदी बैलगाडी वळंल एवढी जागा हुती. आन मालकांच्या शेजारची जागा माजी, मीच दाखिवली शिवाला. शिवा म्हंजे लेक, एकुलता एक.

मग त्यो पावसाळा आला. काठ खात खात नदी पार करंजाच्या मुळांला भिडली. शिवा म्हनला, अव्वा, अप्पास्नी वर हलवूया. आमी मठाच्या स्वामींला इचारलं. स्वामी म्हनलं, लिंगैक्य झाल्यालं मानूस उकरत न्हाईत. मग ऱ्हाऊ दिलं तितंच. पानी समाधीवरनं गेलं. मी घरात बसून नदीला शिव्या घालत हुतो, पाया बी पडत हुतो.

आन पानी उतरलं, तर समाधी जशीच्या तशी! मी रडलो बगा. सुनंला म्हटलं, खण-नारळ घे, नदीची ओटी भर, माजं मानूस ठिवलं तिनं. सुनंनं ओटी भरली, आमी समद्यांनी हात जोडलं. ऊन पडल्यालं, लई बरं वाटलं.

पर काठ पानी चढताना खचून बसत न्हाय, पावणं. चढल्यालं पानी त्येला टेका देतं. उतरलं की टेका गेला, आन वल्ली माती जड. ओटी भरून दोन-चार दिस झालं असतील, शिवा वैरन कापायला गेलता. रिकाम्या हातानं आला आन उंबऱ्यावर बसला. म्हनला, काठ बसला. मी म्हटलं, आन अप्पा? म्हनला, अप्पास्नी घिऊनच बसला. त्यो तितंच हुता, त्येनं डोळ्यानं बघिटलं. काय बघिटलं ते आजतागायत सांगत न्हाय, मी बी इचारत न्हाय.

उन्हाळ्यात पलीकडं गाळाची नवी मळी वर आली. आमचीच माती ती, रंग वळखतो की मी. तितल्या शेतकऱ्यानं वांगी लावली, आन पाटीभर आमास्नी धाडली. मानूस चांगला, त्येचा काय दोष. सुनंनं भरली वांगी केली. एक घास तोंडात घातला. ताट सरकीवलं आन सुनंवर उगंच वरडलो, मीठ जास्ती झालंय म्हून.

मग शिवाला म्हटलं, मला बी काठावरच ठेव. नदी न्हेईल तर न्हेऊ दे, मालक गेलं तितं जाईन. कदी उलटं न बोलनारं पोरगं, पर उठून हुबा ऱ्हायला. म्हनला, अव्वा, एकदा बघिटलंय, परत बघायला लावू नगंस. गावाच्या वर, माळाला जागा हाय आमच्या लोकांची, तितं ठेवतो.

आता खोकला बी लागलाय, लांब ऱ्हायलं न्हाय. काल त्येला म्हटलं, बरं बाबा, माळाला तर माळाला. तोंड तेवढं नदीकडं कर माजं.

च्या घ्या, पावणं, निवला. तुमची मानसं ठिवल्या जागी ऱ्हाऊ देत.