समोरच्या दारातली सायकल

...नाही, द्या ना सायकल, पण नेमकी समोरच्याच दारात? आणि आम्ही काय, नुसती घंटी ऐकायची? तुम्हाला सांगते, मी जळत नाही. मी कशाला जळू? शिवणकामात माझा हात धरणारं कोणी नाही... पण ती समोरची इस्त्रीवाली! तिची मुलगी गेल्या वर्षापर्यंत शाळेत चार दिवसांतून एकदा उगवायची, बाकी दिवस आईजवळ घड्या घालत बसायची. आणि आता? सरकारनं सायकल दिली, तर बाईसाहेब तापातसुद्धा शाळेत! हजेरी घसरली की सायकल परत घेतात ना!

माझी मात्र पायी. "आई, पाय दुखतात गं..." की आठवड्यातले दोन दिवस घरी!

म्हणाल, अर्ज का नाही केला? केला हो! पण घर शाळेपासून दोन किलोमीटरच्या पुढे असेल तरच सायकल. आणि मोजणी त्याआधीच झालेली. काठीला चाक लावून एक जण आला होता, मला वाटलं, हा रस्ता रुंद करणार, माझी पायरी पाडणार! मी म्हटलं, "अहो दादा, इकडून कुठे? मागून या, लाकडाच्या वखारीतून, जवळ पडतं!" स्वतः पुढे झाले, कुंपणाची फट दाखवली, बिचाऱ्याला वाकवून आत घेतलं. झालं! समोरचं घर दोनच्या वर, माझं पावणेदोनवर! पुन्हा मोजा म्हटलं, तर साहेब म्हणतात, "बाई, वाट तुम्हीच दाखवलीत, मोजणीच्या कागदाखाली सहीही तुमचीच." आता बोला!

त्यात ती सायकलवाली माझ्या मुलीला म्हणते, "बस मागे." मी म्हटलं, "खबरदार! आपल्याला स्वाभिमान आहे!" मग काय, बसली स्वाभिमानासकट तीन दिवस घरी. चौथ्या दिवशी इस्त्रीवालीच दारात. "ताई, पाठवा हो हिला. माझी हटून बसलीय, ती नाही तर मीही नाही म्हणते. हजेरी गेली तर सायकल जाईल हो!"

बघा! सगळं माझ्या हातात! नुसतं 'नाही' म्हणायचं, की गेली सायकल! खोटं कशाला बोलू, जिवाला इतकं गार वाटलं... आणि मागे वळून बघते, तर माझी पोरगी दप्तर अडकवून उभी! तीन दिवस रोज अशीच तयार होऊन बसत होती म्हणे, आणि शिलाई मशीनवर मान वाकवून बसलेल्या आईला पत्ता नाही. आग लागो त्या जळण्याला! "जा," म्हटलं, "आणि घट्ट धरून बस."

आता दोघी एक दिवस चुकवत नाहीत. मी जळत नाही हं! फक्त मागचा लोखंडी कॅरिअर पोरीला टोचायचा, म्हणून एक गादी शिवली. फुलाफुलांची, कडेनं झालर, आत माझ्या पदरचा कापूस. तर परवा अख्खी गल्ली त्या इस्त्रीवालीभोवती जमून काय म्हणते, माहितेय?

"अगंबाई, सरकार गादीसुद्धा देतं!"