कोलमच्या जागेवरचा डाग

मी तुळसाबाई. जन्म तिरुवैयारूचा, आप्पा देवळात हार बांधायचे, कावेरीला पाणी आलं की आम्ही पोरी पायरीवर बसून पाय भिजवायच्यों, तेवढंच लहानपण आठवतं. लग्न होऊन तंजावरला आलें ती राजवाड्यामागल्या ह्या गल्लीत, तेव्हापासून इथंच. आमची भाषा ऐकून तुम्हाला गंमत वाटत असेल, तुम्ही तिकडले, महाराष्ट्रातले, आम्ही इकडले, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, माझ्या मुलीला मराठीत विचारलं तर उत्तर तमिळात येतं. मराठी लिहायला मला येत नाही, म्हणून मी सांगतें, तुम्ही लिहा.

ब्लाउज शिवतें मी. बाहेर ही तिण्णै आहे ना, ओटा, हिच्यावरच माझी शिवायची मिशन, आणि समोर गाडी. गाडी म्हणजे आमच्या ह्यांची, जुनी डिझेलची, लग्नाची माणसं न्यायची, देवळं दाखवायची, कुंभकोणम, पापनाशम, सगळीकडे ती फिरली. आणि काय सांगू तुम्हाला, ती गाडी ऑइल गाळायची. पहिल्यापासून गाळायची. रोज सकाळी मी दारात पाणी शिंपडून कोलम घालावं, तुम्ही रांगोळी म्हणतां ते, आणि ठिपक्यांच्या मधोमध काळा थेंब. मी म्हणायचें अहो, लक्ष्मी यायच्या वाटेवर हे काय. ते म्हणायचे तिलाही गाडीनंच यायचं असेल. मग एक जुनी अल्युमिनियमची ताटली आणली, संध्याकाळी गाडी लागली की तिच्याखाली सरकवायची. ती सरकवायचं काम माझं.

दर रविवारी ते गाडीखाली. गोणपाट घालून पाठीवर पडायचे, नुसते पाय बाहेर. इंजिनाच्या बुडाला ऑइल साठायचं भांडं असतं, त्याच्या कडेचं गॅस्केट बदलायचे, म्हणजे दोन लोखंडांमधली कॉर्कची पट्टी. मी वर बसून किल्ली फिरवायची. चालू कर म्हटलं की चालू करायची, बंद कर म्हटलं की बंद. आमचा संसार म्हणजे बघा, ही दोन वाक्यं खूप बोललों आम्ही. पट्टी नवी घातली की चार दिवस बरं आणि परत थेंब. मग म्हणायचे भांड्याचीच कड वाकडी असेल. असं करत करत म्हातारे जाले.

मासी महिन्यात, तुमच्या माघ-फाल्गुनात, हे गेले. ह्याच तिण्णैवर कापी, म्हणजे कॉफी, पीत होते, लोटा खाली ठेवला, आणि तसेच भिंतीला टेकले. मी काज करत होतें. मला वाटलं डोळा लागला. पुढचं सगळं जालं, मुलगी चेन्नईहून आली, माप्पिळ्ळै आले, जावई आमचे, बायका आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवून रड ग, रडून घे म्हणाल्या. मला रडू आलं नाही. आतलं सगळं बधिर, दात काढायला सुई देतात तसं, जीभ लावून बघावी तर आपला गाल आपल्याला लागत नाही. संध्याकाळी उठून मी ताटली गाडीखाली सरकवली. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. पण थेंब तर पडतच होते, माणूस गेला म्हणून गाडी थोडीच थांबते.

मुलगी म्हणाली अम्मा, ही गाडी आता काढून टाकूया. भंगारवाला येऊन बघून गेला, म्हणाला जाग्यावरच कापून नेतों. माझ्या दारात कापणार, काय. मग पापनाशमहून एक माणूस आला, नारळाची रोपं विकतो, त्याला गाडी आवडली, खाली वाकून बघितलं आणि तमिळात म्हणाला, अक्का, ऑइल थांबवलंत तर मी नेतों आणि चालवतों, नाही तर मला नको, अमावास्या जाली की येतों. म्हणजे थेंब थांबला तर गाडी चालती राहणार, नाही तर कापली जाणार. घरातून जाणार दोन्हीकडून. मेकानिकला विचारलं तर म्हणाला इंजिन उतरवावं लागेल. मी म्हटलं असू दे, मी बघतें. मुलगी तमिळात काय पुटपुटली ते तुम्ही लिहू नका.

मी काय केलं, बॉनेट उघडून इंजिन सगळं रॉकेलनं पुसून काढलं, वरून खालपर्यंत, जुने परकर गेले त्यात. कोरडं होऊ दिलं. मग कोलमचं पीठ घेऊन भुरभुरवलं. पांढऱ्यावर काळं लगेच दिसतं, ते बाईमाणसाला कोणी शिकवायला नको. आता बाजारात दगडाची पूड मिळते, पण आमच्या घरी कोलम तांदळाच्या पिठाचंच, मुंग्यांनी खावं म्हणून. दुपारी जेवून येतें तर चाकावरून चढून मुंग्यांची रांग इंजिनापर्यंत. परत पुसा, परत पीठ, चाकाभोवती हळद.

मग किल्ली फिरवली. चालू कर म्हणायला खाली कोणी नव्हतं. मीच केली, थोड्या वेळानं मीच बंद केली, मीच उतरून बघितलं. ऑइल खालून येतच नव्हतं हो. इंजिनाच्या अगदी वर एक लांबोळं झाकण असतं, त्याच्या मागच्या कडेतून येत होतं, काचेच्या बाजूनं, जिथं नजर जात नाही तिथून. पाठीमागून ओघळून बुडाच्या भांड्यावर यायचं आणि तिथून टपकायचं. इतके रविवार हा माणूस खाली पडून राहिला आणि गळत होतं वरून. सांगायला मी मागं वळलें. तिण्णै रिकामी. 

कॉर्कचा तुकडा आणला. झाकणाचं कागदावर माप घेतलं, ब्लाउजच्या कात्रीनं कापला. कापणं माझं चुकायचं नाही. चूक जाली ती आवळताना. हुक लावतों तसे मी वरपासून खालपर्यंत एका ओळीनं नट आवळत गेलें, आणि जोर लावून, शिवण घट्ट ती चांगली म्हणून. दुसऱ्या दिवशी ताटलीत थेंब. उघडून बघतें तर एका टोकाला कॉर्क चेपून फाटलेलं, दुसऱ्या टोकाला फुगून बाहेर आलेलं. लोखंड म्हणजे कापड नव्हे. परत कापलं. ह्या वेळी मधला नट आधी, मग इकडला एक, तिकडला एक, सगळे हलक्या हातानं, मग परत फिरून थोडे थोडे. बोटाला कळतं, आता पुरे. मग किल्ली फिरवून गाडी बराच वेळ चालू ठेवली.

सकाळी ताटली कोरडी. मी ती हातात घेऊन बसलें, बोट फिरवून बघितलं, कोरडीच. आनंद व्हायला पाहिजे होता. हे गेले ते मला त्या दिवशी खरं वाटलं. रडू आलं का म्हणाल, तर नाही आलं. कापी केली, एकाच लोट्यात.

अमावास्या जाली, तो माणूस आला, खाली वाकला, वर बघून हसला. मी चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी निघाली तशी ती फुटली, आणि गल्लीच्या वळणावरून गेली. मी मिशनीवर बसून राहिलेला ब्लाउज पुरा केला.

आता डाग तेवढा आहे. इतक्या वर्षांचं ऑइल मातीत मुरलंय, त्यावर पीठ टाकलं की काळं पडतं. मुलगी म्हणते सिमेंट घालून घे. मी डाग मधे सोडतें आणि त्याच्या भोवतीनं रेघ वळवून कोलम घालतें, हाताला आता तशीच सवय जाली. संध्याकाळी ताटली घ्यायला उठतें, मग बसतें. पापनाशमला गाडी कोणाच्या तरी दारात उभी असेल. त्या घरच्या बाईचं कोलम पांढरं राहो, एवढंच.